परस्पर दिलेला नकार

गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात कवळीकाकांचं काम होतं, आणि उरलेल्या निम्म्यांच्या उशाशी ते पेल्यात पडलेलं असायचं. त्यात कवळीचा दोष नव्हता, म्हाताऱ्यांचा हट्ट होता. काका त्यांना समजावायचे, "कवळीचं आणि नव्या जावयाचं सारखंच असतं. सुरुवातीला टोचणारच. काढून बाजूला ठेवलीत तर कधीच आपली होणार नाही."

त्यांची खोली एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. खिडकी वर, फुटपाथच्या पातळीला. तिच्यातून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. आत एक लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, एका कोपऱ्यात मेण वितळवायचा दिवा आणि भिंतीला टेकून पॉलिशचं यंत्र. संध्याकाळी घरी परतताना काकांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. बायको दारातच टॉवेल घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "या, आज किती म्हातारे होऊन आलात बघू."

ते या धंद्यात आवडीनं आले नव्हते. वडील अंथरुणाला खिळले, शाळा सुटली आणि कुणाच्या तरी ओळखीनं ते थोरल्या डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यात झाडलोट करायला लागले. तिथला कारागीर प्लास्टर कालवायचा ते बघत बघत शिकले. दवाखान्याला दोन दारं होती. पुढचं रोग्यांचं आणि मागचं प्लास्टरच्या गोण्यांचं. काका उभ्या आयुष्यात मागच्या दारानंच गेले. पुढे स्वतःची खोली झाली, चार डॉक्टर त्यांच्याकडे काम पाठवू लागले, तरी दार बदललं नाही.

एकदा असं झालं की एका शाळेच्या बाईंना नवी कवळी इतकी छान बसली की त्या मुद्दाम पुन्हा दवाखान्यात आल्या. आरशात हसून बघत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे दात घडवले कुणी? मला भेटायचंय त्यांना." थोरले डॉक्टर सहज म्हणाले, "मीच की." पडद्याआड काका हातात कानस घेऊन उभे होते. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. बाईंना उशीर होत होता, खुलासा करत बसायला वेळ नव्हता, इतकंच. पण काका त्या दिवशी लवकर घरी गेले. मुलगी नुकतीच रांगायला लागली होती. तिला उचलून घेत ते बायकोला म्हणाले, "ही पुढच्या दारानं जाईल."

मुलीला बोलता यायला लागलं तशी ती मोठ्यांच्या चुका काढायला लागली. घड्याळ पुढे आहे, पाव उलटा कापलाय, आजोबांनी गोष्ट कालच्यासारखी सांगितली नाही. त्यामुळे तिचं नाव मागे पडलं आणि सगळे तिला शहाणीच म्हणायला लागले. सुरुवातीला ती चिडायची, मग तिलाच ते आवडायला लागलं.

शाळेला सुट्टी असली की शहाणी तळघरात येऊन बसायची. एका दुपारी काका कुणाचं तरी माप घेऊन परत आले तर ती टेबलाशी वाकून बसलेली. हातात मेणाचा तुकडा आणि त्यातून कोरलेली दाढ. चार उंचवटे, मधली खोबण, सगळं जिथल्या तिथे. थोरल्या डॉक्टरांची मुलगी तेव्हा दातांचीच डॉक्टरी शिकत होती. ती वडिलांचा निरोप घेऊन आली होती आणि शहाणीच्या मागे उभी राहून बघत होती. "काका, आमच्या वर्गात अशी दाढ कुणालाच जमत नाही," ती म्हणाली. काका हसले नाहीत. त्यांनी मुलीच्या हातातून दाढ घेतली आणि दिव्यावरच्या वाटीत टाकली. मेण वितळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

"अभ्यास झाला का?" काकांनी विचारलं.

"झाला."

"मग पुढचा कर. परत इथे दिसता कामा नयेस."

तेव्हापासून शहाणी तळघरात आली नाही. अभ्यास मात्र तिनं मनापासून केला. दातांच्या डॉक्टरीला जागा थोडक्यात हुकली. काकांनी ते मनाला लावून घेतलं, पण तिनं नाही. तिला वनस्पतिशास्त्र मिळालं आणि ती त्यात पार बुडून गेली. घरी आली की खिशातून पानं निघायची. उशीखाली पानं, पुस्तकात पानं. आई म्हणायची, "हिच्या खोलीत एखादी शेळी सोडली तर सुखानं राहील." सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पानाचा पातळ काप पाहिला त्या दिवशी ती घरभर सांगत फिरली, की पानाला तोंडं असतात बाबा, ती उघडतात आणि मिटतात. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मार्क किती मिळतील यात?"

मार्क चांगले मिळाले. घराण्यात पहिल्यांदा कुणी विद्यापीठाची पायरी चढलं होतं, आणि ती नुसती चढली नाही तर वरचा नंबर घेऊन उतरली. काकांनी पदवीची तसबीर करून घेतली आणि घरात न लावता तळघरात लावली, प्लास्टरच्या जबड्यांच्या वर. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. औषधं पोचवणारा, वीजवाला, कवळी दुरुस्तीला आलेले आजोबा, कुणी सुटायचं नाही. "प्राध्यापक होणार," ते सांगायचे. "जागा निघायचा अवकाश."

जागा काही निघाली नाही.

ज्या कॉलेजात ती शिकली तिथेच जाऊन आली. विभागप्रमुख मायेनं म्हणाले, "तुझ्यासारखी मुलगी आम्हाला हवीच आहे, पण पद मंजूर नाही. तासांवर शिकवशील का?" तासांवर शिकवणं म्हणजे शिकवाल तेवढ्याचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची शाश्वती नाही. तिनं ते केलं. पुढच्या वर्षी विषयाला मुलंच कमी आली आणि तेही गेलं. मग औषधांच्या कंपनीत मुलाखत. समोरच्यानं विचारलं, "अनुभव?" ती म्हणाली, "आत्ताच तर शिकून बाहेर पडले." तो म्हणाला, "अनुभव घेऊन या." ती म्हणाली, "कुठून आणू?" तो हसला, तीही हसली, आणि दोघांनी चहा संपवला. एका शाळेत सांगितलं की तुमचं शिक्षण जास्त आहे, तुम्ही टिकणार नाही. दुसऱ्या शाळेत सांगितलं की शिकवण्याची वेगळी पदवी हवी, तुमचं शिक्षण कमी आहे. आई म्हणाली, "दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. या घरात तरी असं व्हायला नको होतं." त्यावर तिघं हसली. तेव्हा अजून हसू येत होतं.

याच दिवसांत डॉक्टरीणबाई तळघरात आल्या. थोरले डॉक्टर वारले होते, दवाखाना आता मुलीचा होता. त्या जिना उतरून आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"काका, मी नवं यंत्र घेतेय. तोंडात कॅमेरा फिरवायचा, पडद्यावर दात उमटतो, तो पडद्यावरच घडवायचा आणि यंत्र तो कापून देतं. माझ्याकडे यंत्र आहे, माणूस नाही. नुसतं संगणक येणारं कुणी नको मला. जिला दात दिसतो अशी मुलगी हवी. तुमची शहाणी देता का? शिकायला मी पाठवीन, सगळा खर्च माझा."

काकांच्या हातात घासायला घेतलेली कवळी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही. बाईंच्या बोलण्यात कुठेही कमीपणा नव्हता. पण काकांना दिसला तो दवाखान्याचा मागचा दरवाजा, आणि त्यातून आत जाणारी आपली मुलगी. ती विद्यापीठातून वरचा नंबर घेऊन आली होती, आणि पुन्हा दातच.

"तिची नोकरी पक्की झालीय," ते म्हणाले. "कॉलेजात. पुढच्या महिन्यात रुजू होईल."

"अरे वा," बाई मनापासून म्हणाल्या. "मग काय प्रश्नच मिटला. तिला माझं अभिनंदन सांगा."

अभिनंदन सांगायचं राहिलं. घरी काका त्याबद्दल एक अवाक्षर बोलले नाहीत. आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलंही नाही. जे होणारच आहे ते थोडं आधी सांगितलं, एवढंच. एखादी जागा निघाली की ते खरं होणार होतं.

बाईंनी दुसरी मुलगी घेतली, त्याच कॉलेजातली, शहाणीच्या मागच्या वर्गातली. ती शिकून आली आणि बघता बघता तिचा जम बसला. एकेक करून सगळ्या डॉक्टरांनी तेच यंत्र धरलं. काकांकडे येणारी मापं आधी कमी झाली, मग थांबली. उरले ते फक्त जुने म्हातारे, कवळी पडली, फुटली की चिकटवून घ्यायला येणारे. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," काका बायकोला म्हणायचे, "पण आमचं भरत होतं."

शहाणीला शेवटी घरपोच माल पाठवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या फोन केंद्रात काम मिळालं. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि ज्यांचं पार्सल पोचलं नाही, फुटलं, चुकलं, त्यांची माफी मागायची. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "तात्पुरतं आहे, बाबा." काका म्हणाले, "अर्थातच." मग ती पुढे तसं म्हणायची थांबली. तिचा आवाज चांगला होता, डोकं शांत होतं. तिला गटप्रमुख केलं. तिच्या हाताखाली एक इंजिनिअर होता, एक कायदा शिकलेली मुलगी होती, एक इतिहासवाला होता. ती गमतीनं म्हणायची, "आमच्या मजल्यावर एक अख्खं विद्यापीठ बसतं. सगळे मिळून सॉरी म्हणतो." खिशातून पानं निघणं कधी बंद झालं, ते घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

असं बरंच चाललं. शहाणीच्या कपाळाशी एखादा केस पिकायला लागला तेव्हाची गोष्ट. आईची दाढ ठणकत होती. काका म्हणाले की लवंग धर, पण शहाणीनं ऐकलं नाही. तिनं सुट्टी घेतली आणि दोघांना घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली. पुढच्या दारानं.

आई खुर्चीत आडवी झाली, तोंड उघडलं. बाईंनी आरसा आत घातला आणि दाढ ठोकून बघता बघता सहज म्हणाल्या, "किती वर्षांनी दिसतेस गं शहाणी. कुठल्या कॉलेजात असतेस?"

"कॉलेजात?" शहाणी म्हणाली. "मी फोन केंद्रात आहे. पहिल्यापासून."

"म्हणजे ती प्राध्यापकाची नोकरी सोडलीस?"

"कुठली?"

बाईंचा हात थांबला. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत होते, जणू जन्मात दात पाहिले नव्हते. बाईंनी विषय बदलायला हवा होता, पण त्या सरळ बाई होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मी यंत्र घेतलं तेव्हा तुलाच मागायला आले होते. पहिली तुलाच. काका म्हणाले तुझी नोकरी पक्की झालीय." खुर्चीतली आई तोंडात कापूस आणि नळी घेऊन पडलेली. तिला सगळं ऐकू येत होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता. ती नुसती डोळे वळवून नवऱ्याकडे बघत राहिली. ती नजर काकांना पुढे कितीतरी दिवस दिसत होती.

शहाणी एवढंच म्हणाली, "असं होय." आणि मग, "आईची दाढ काढावी लागेल का?"

घरी आल्यावर आई कापूस दाबून आतल्या खोलीत पडली. शहाणीनं चहा टाकला. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. तिनं त्यांच्यापुढे कप ठेवला, तेव्हा त्यांना वाटलं की आता ती बोलेल आणि बोलून टाकलं की सुटेल. पण तिला घाई नव्हती.

"मला वाटलं होतं, जागा निघेल," काकाच म्हणाले.

"हो. मलाही वाटलं होतं."

"तू प्लास्टरमध्ये हात घालू नयेस एवढंच..."

"त्यात प्लास्टर नव्हतंच ना बाबा. पडदा होता."

काकांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग ते म्हणाले, "तुझ्यावर अन्याय केला मी."

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसली. "तेव्हा विचारलं असतंत तर मीही नाहीच म्हटलं असतं बहुतेक," ती म्हणाली. "मलाही तोरा होताच की. एवढं शिकले आणि दात कापू, असंच म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं, बाबा. मग इतकी वर्षं मला असं वाटलं नसतं, की मला कुणी कधी बोलावलंच नाही. तुम्हाला माहितीये, प्रत्येक मुलाखतीनंतर मी काय विचार करायचे? की माझ्यात काहीतरी कमी आहे जे सगळ्यांना दिसतं आणि मला दिसत नाही."

"शिक्षण फुकट गेलं म्हणायचं मग," काका पुटपुटले.

"शिक्षण नाही फुकट गेलं. ती वर्षं मला आवडली होती. मला कधी कुणी नुसतं आवडलं का म्हणून विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं." ती उठली, कप विसळले. "उद्या सकाळची पाळी आहे. आईला गार दूधच द्या, गरम नको."

तिनं अबोला धरला नाही. धरला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

काही दिवसांनी काकांनी ठरवलं की एकदा जाऊन यायचं. इस्त्रीचा सदरा घातला आणि डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. तिथे ती दुसरी मुलगी, आता चांगली बाई झालेली, पडद्यापुढे बसून एक दाढ गोल गोल फिरवत होती. तिनं उठून खुर्ची दिली. काका काही वेळ बघत राहिले. काम सुरेख होतं. त्यात खोट काढावी असं काही त्यांना सापडलं नाही, आणि सापडावं असंही वाटलं नाही.

मग ते बाईंना म्हणाले, "शहाणीला आता घेता येईल का? मी हात जोडतो."

बाई म्हणाल्या, "घेतली असती काका. पण आता तसं चालत नाही. आता याचा विद्यापीठात अभ्यासक्रम निघालाय. दात घडवण्याची पदवी. ती असल्याशिवाय मला माणूस ठेवता येत नाही, तसा नियमच झालाय. हिलाही मध्ये परीक्षा द्यावी लागली."

"म्हणजे माझं काम करायला आता पदवी लागते?"

"लागते," बाई म्हणाल्या. त्यांनाही हसावं की काय ते कळेना. "तुम्ही आलात तरी मला तुम्हाला ठेवता यायचं नाही."

काकांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शहाणी मोठ्यांदा हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी थांबलं नाही. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. काकांनी विचारलं की शिकशील का, ते नवीन, अजून वय गेलेलं नाही. ती म्हणाली, "नको, बाबा. परत वही उघडायची, परत रांगेत उभं राहायचं, आणि मी बाहेर पडेपर्यंत त्यांनी आणखी काही काढलेलं असेल. नको." "मी शिकवू?" काकांनी विचारलं. "आता कशाला?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

त्या वर्षी काकांनी तळघर सोडलं. जबडे फोडून प्लास्टर गोणीत भरलं, पॉलिशचं यंत्र भंगारवाल्यानं नेलं. पदवीची तसबीर ते घरी घेऊन आले आणि कुठे लावायची ते कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून ती कपाटावर आडवी राहिली.

आता ते निवांत असतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन बसतात. पूर्वी ते त्या दुकानात प्रत्येकाला ऐकवायचे की मुलांना शिकवा, पोटाला चिमटा काढा पण शिकवा. परवा न्हावी त्यांची दाढी करता करता म्हणाला, "काका, थोरला पुढे शिकायचं म्हणतोय. शिकवू, का बसवू इथेच खुर्चीपाशी? तुम्ही तर सगळं करून बसलात."

काका म्हणाले, "त्याला काय हवंय ते नीट विचारलंस का?"

"त्याला काय कळतंय," न्हावी हसून म्हणाला आणि काकांची हनुवटी वर केली. गळ्यावर वस्तरा होता. काका गप्प बसले. पुढेही बोलले नाहीत, कारण त्यांना आणखी काय सांगावं ते माहीत नव्हतं. शिकव म्हणावं तर आपली मुलगी समोर येत होती, आणि बसव म्हणावं तर आपलं रिकामं तळघर.

शहाणीची सकाळची पाळी असली की हल्ली काका तिला बसथांब्यापर्यंत सोडायला जातात. तिनं बोलावलेलं नाही. पण नकोही म्हटलेलं नाही. वाटेत भिंतीला लागून काही झाडं आहेत, फुटपाथच्या फटीतून उगवलेली गवतं आहेत. एके दिवशी काकांनी थांबून एकाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे कोणतं गं?"

शहाणी आश्चर्यानं त्यांच्याकडे बघत राहिली. मग वाकली, पान उलटं केलं, देठ चिमटीत धरून फिरवला. तिचा चेहरा क्षणभर अगदी कॉलेजातल्यासारखा झाला. "याचं ना," ती म्हणाली, "याचं कूळ मोठं आहे. याची पानं समोरासमोर येतात, बघा. आणि नाव..." ती थांबली. पुन्हा पान बघितलं. "नाव मला येत होतं. याच्यावर मी वर्गात बोलले होते."

काका वाट बघत उभे राहिले. बस वळणावर दिसायला लागली.

"विसरले हो, बाबा," ती म्हणाली, आणि पान हातातच धरून बसच्या दिशेनं चालू लागली.